विषयांची वाट कोणी आखली?

नरखेड तालुक्यातील संत्र्याच्या बागांत माझे आईवडील मजुरीला जात. मी दहावी झालो तेव्हा एका शिक्षकांनी वडिलांना सांगितले, 'याला आर्ट्सला घाला. सायन्स तुम्हां लोकांना झेपायचे नाही.' वडिलांनी मान डोलावली. मी आर्ट्सला गेलो. आज इतिहास शिकवतो. त्या सल्ल्यालाही इतिहास आहे.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिले नाही. फारसी घेऊन ते १९०७ साली मॅट्रिक झाले. कोणता विषय कोणाचा, हे जात ठरवीत होती. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी बजावले की, केवळ कला व कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे भागणार नाही; विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पण ती मॅट्रिकनंतरची! आणि जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला बीजगणित-भूमिती सोडता येत असे. ज्याने सोडली, त्याच्या हाती शिष्यवृत्ती आली तरी विज्ञानाचे दार बंदच.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीपर्यंत गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे करण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. कागदावर वाट सर्वांना खुली झाली. पुढे 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय आला. तो घेणाऱ्याला अकरावीत गणित घेता येत नसे. २०१८-१९ पासून दहावीला तो बंद झाला. परंतु २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात पुन्हा तोच विचार डोकावला: गणित-विज्ञानात वीस गुणांवर अकरावीत जाऊ द्यावे, मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा.

नापासीचा कलंक टळावा, हे मलाही मान्य आहे. प्रश्न असा की, हा शेरा कोणाच्या पोरांच्या कपाळी येणार? ज्यांच्या घरी शिकवणीला पैसा नाही त्यांच्याच. गणित पायरीपायरीने चढावे लागते. आठवीत अवयव पाडणे कच्चे राहिले तर दहावीत वर्गसमीकरण अडते, आणि अकरावीचे कलन तर परकेच वाटते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी दहावीच्या निकालाची वाट पाहू नये. मोवाड, जलालखेडा, सावरगाव, जिथे विहार आहे तिथे आठवीपासून गणिताची अभ्यासिका चालवावी. आणि मुलाने कोणते विषय घ्यावेत हे ठरवताना त्याच्या आईबापांना सोबत बसवून प्रत्येक विषयाने पुढे कोणते दार उघडते, ते नीट समजावून सांगावे. माझ्या वडिलांना ते कोणीही सांगितले नव्हते.