लाकडी फळी ते दोन इंचांची गादी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली, तेव्हा ३४ किलोमीटरच्या त्या प्रवासात निजण्याचा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. परंतु पुढे सतरा वर्षांच्या आत, मार्च १८७० मध्ये, जबलपूर-अलाहाबादमार्गे मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे लोहमार्गाने जोडली गेली आणि गाडीत रात्र कशी काढावयाची, ही विवंचना भारतीय प्रवाशाच्या वाट्यास आली. या विवंचनेचे उत्तर प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे निराळे होते. त्या उत्तरांचा इतिहास म्हणजे आपल्या समाजाने सामान्य माणसाच्या विसाव्याला वेळोवेळी काय मोल दिले, याचाच इतिहास होय.

पहिल्या वर्गाच्या प्रवाशास ऐसपैस बाक, स्वतंत्र स्नानगृह आणि शेजारच्या छोट्या डब्यात सेवकाची सोय मिळे. १९३४ साली फ्रंटियर मेलच्या काही डब्यांत बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवून गारवाही निर्माण करण्यात आला. याच गाड्यांच्या तिसऱ्या वर्गात मात्र माणसे लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसून रात्री काढीत. रेल्वेच्या प्रवासी उत्पन्नाचा मोठा भार हाच वर्ग उचलीत होता, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

या विसंगतीवर नेमके बोट ठेवले ते महात्मा गांधींनी. दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्यांनी बुद्ध्याच तिसऱ्या वर्गाने देशभर प्रवास केला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये आपले अनुभव लिहून प्रसिद्ध केले. मुंबई ते मद्रास या मेल गाडीच्या प्रवासासाठी त्यांनी १३ रुपये ९ आणे भाडे भरले होते. डबा २२ प्रवाशांचा. प्रवास दोन रात्रींचा. आणि सुरक्षितपणे आडवे होता येईल अशी एकही फळी नाही! रायचूर मागे पडल्यावर तर गर्दी असह्य झाली. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक आहे खरे, पण तिसऱ्या वर्गास त्या सुखसोयींचा पाचवा हिस्सा तरी मिळतो काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांची मागणी ऐषआरामाची नव्हती. दिलेल्या पैशाच्या प्रमाणात माणसासारखी वागणूक मिळावी, एवढीच होती.

स्वातंत्र्यानंतर या मागणीस हळूहळू फळ येऊ लागले. १९५५ साली पेरांबूरचा डबे बांधण्याचा कारखाना सुरू झाला. तिसऱ्या वर्गात शयनयाने आली. रात्री निजण्यासाठी वेगळा आकार भरावा लागे, पण आपली म्हणावी अशी जागा मिळू लागली. १९७४ साली ‘तिसरा वर्ग’ हे नावच रद्द होऊन तो दुसरा वर्ग झाला. नाव बदलले, तरी फळी लाकडाचीच राहिली. म्हणून वळकटी किंवा होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा यांवाचून मराठी कुटुंब दूरच्या प्रवासास निघत नसे.

ती फळी मऊ करण्याचा मान एका मराठी माणसाकडे जातो. मूळचे अहमदनगरचे, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. पहिल्या वर्गाचे सुख हिरावून घेण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाची पातळी उंचवावी, अशी त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेतून दुसऱ्या वर्गाच्या शायिकांवर दोन इंच जाडीची गादी आली. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर धावू लागलेली गीतांजली एक्स्प्रेस ही आरंभी केवळ दुसऱ्या वर्गाच्या डब्यांची गाडी होती. वर्गभेदाविना लांबचा प्रवास हे तिचे वैशिष्ट्य. दोन इंचांची ती गादी लहानशी दिसते. पण लक्षावधी पाठींना तिने दिलेला दिलासा फार मोठा होता.

त्यानंतरचा कालखंड आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, १९९३ साली वातानुकूलित तीन-स्तरीय डबा आला आणि २००२ पासून घरबसल्या तिकीट काढता येऊ लागले. परंतु सोयीबरोबर खर्चाचा प्रश्नही पुन्हा उभा राहिला. वातानुकूलित डब्याच्या भाड्यात अंथरूण-पांघरूण धरलेले असते. साध्या शयनयानाच्या भाड्यात ते नसते. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात, असे रेल्वेने तिकिटांवरच छापले. रेल्वेची ही अडचण खरी आहे, आणि ती मानलीही पाहिजे. तथापि पुरुषांना ६० वर्षांनंतर ४० टक्के आणि स्त्रियांना ५८ वर्षांनंतर ५० टक्के मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती अद्याप पूर्ववत झालेली नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या दांपत्यास याची झळ किती बसते, हे मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांना सांगावयास नको.

आपल्या मंडळाचा जन्म ज्या दशकात झाला, त्याच दशकात दुसऱ्या वर्गाची फळी मऊ झाली. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्राबाहेर नोकरी-व्यवसायासाठी स्थायिक झालेल्या मराठी माणसाचे माहेर, कुलदैवत आणि आप्तेष्ट यांच्याशी असलेले नाते परवडणाऱ्या शायिकेने टिकवून धरले. लग्नमुंजीस वेळेवर पोचणे, सुटीत मुलांना आजोळी धाडणे, आजारी आईवडिलांच्या उशाशी जाऊन बसणे, हे सारे तिच्यामुळेच साधले. गाड्यांचा वेग वाढावा, डबे अधिक आरामशीर व्हावेत, ही सर्वांचीच इच्छा आहे. मात्र त्या प्रगतीत अल्प उत्पन्नाच्या प्रवाशाची ती साधी, स्वस्त, आडवे होण्यापुरती जागा नाहीशी होऊ नये. १९१७ साली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आपल्याला साठ वर्षे लागली. ते उत्तर जतन करणे हे आता पुढील पिढीचे कर्तव्य आहे.