काडतुसातील गोळीची खोली आणि नळीतील दाब

रायफलच्या काडतुसात गोळी पितळी कवचात किती खोल बसवली आहे, यावर ते काडतूस झाडताना निर्माण होणारा दाब काही अंशी अवलंबून असतो. एखाद्या मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटला, तरी सैनिक आणि नेमबाज यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरतो.

चाप ओढताच प्रायमर पेट घेतो आणि कवचातील धूरविरहित दारू जळू लागते. दाब वाढला की या दारूचा जळण्याचा वेगही वाढतो. त्यामुळे आरंभी वायूला मिळणारी जागा आणि गोळीला होणारा अडथळा या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी सीआयपी या युरोपीय संस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ४१५ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट आहे.

जागेचा परिणाम

गोळी अधिक खोल बसवल्यास कवचातील मोकळी जागा घटते आणि दाब वाढतो. ९ मि.मी. पिस्तुलाच्या लहान काडतुसात गोळी एक मिलिमीटर आत गेल्यास कवचाची सुमारे सात टक्के जागा व्यापली जाते; .३०८ च्या मोठ्या कवचात हे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी असते. म्हणूनच पिस्तुलात हा धोका अधिक तीव्र असतो.

खाचांचा परिणाम

रायफलच्या नळीत सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्यांच्यापासून थोडी दूर असल्यास ती आधी मोकळी पुढे सरकते आणि मग वेगाने खाचांत शिरते. या अवधीत वायूला जागा मिळत असल्याने कमाल दाब बहुधा कमी राहतो. याउलट, गोळी कवचातून फार बाहेर असून खाचांना टेकलेली असल्यास अडथळा पहिल्या क्षणापासूनच सुरू होतो आणि दाब झपाट्याने चढतो. थोडक्यात, रायफलमध्ये गोळी आत सरकवत गेल्यास दाब प्रथम उतरतो. मात्र ती फारच खोल गेल्यास जागेअभावी तो पुन्हा वाढू लागतो.

अतिरिक्त दाबाची लक्षणे

दाब मर्यादेबाहेर गेल्यास प्रायमर चपटा होतो, रिकामे कवच चेंबरमध्ये अडकते किंवा फाटते. बोल्ट निकामी झाल्यास तप्त वायू आणि धातूचे तुकडे थेट नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतात. एकच काडतूस वारंवार भरले व काढले गेल्यास गोळी धक्क्याने आत सरकण्याचीही शक्यता असते. हे टाळण्यासाठी कवचाची मान गोळीवर घट्ट आवळली जाते.

भारतात खडकी (स्थापना १८६९) आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव (स्थापना १९६४) येथील कारखान्यांत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवण्यास मनाई आहे.

काडतुसाची एकूण लांबी हा त्याच्या ठरलेल्या मापांचाच भाग असतो. एकाच खोक्यातील इतर काडतुसांपेक्षा आखूड अथवा लांब दिसणारे काडतूस न झाडता बाजूला ठेवणे, हाच सुरक्षित मार्ग होय.