बसऱ्याला गेलेली पलटण

परत येण्याचा भरवसा नसलेल्या माणसाबद्दल आमच्या दादी म्हणत, "गया सो बसरे कू गया." कुणी उधारी बुडवली, शेजारणीने नेलेली कढई परत आली नाही, तरी तेच. लहानपणी आम्हाला वाटे, बसरा म्हणजे फलटणच्या पलीकडचे एखादे गाव असावे. ते इराकमधले बंदर आहे, आणि खंडाळा-लोणंदकडच्या माणसांचा त्या बंदराशी जिवावरचा संबंध आला होता, हे कळायला आम्हाला पुस्तकांपर्यंत जावे लागले. दादींना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

सातारा जिल्ह्यात फौजी गावांची वाण नाही. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच जोडला गेला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. जिल्ह्यातल्या अनेक गावांत त्या युद्धाच्या दगडी पाट्या आहेत. या गावातून १९१४-१९१९च्या महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. पाटीवर आकडे असतात, नावे नसतात. वाचणारा सगळ्या आकड्यांना एकाच जातीचे समजतो. पलटणीचे नावच 'मराठा' असल्यावर दुसरे काय समजणार?

पण १९१४ साली मराठा पलटणींची रचना काय होती ते पाहावे. हिंदी सैन्यात तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा सहा मराठा पलटणी होत्या. एका पलटणीत आठ कंपन्या. साधारणपणे त्यांतल्या सहा देशावरच्या आणि कोकणातल्या मराठ्यांच्या, आणि दोन दख्खनी मुसलमानांच्या. म्हणजे मराठा पलटणीतला सुमारे चौथा हिस्सा आपला होता. १९०८ साली सरकारने भरती करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आर. एम. बेथम यांचे जे मार्गदर्शक पुस्तक काढले, त्याचे नावच 'मराठे आणि दख्खनी मुसलमान' असे आहे. दोन्ही समाज एका पुठ्ठ्यात बांधलेले. साहेबाला हे दोघे एका मातीतले दिसले, हे त्याचे निरीक्षण काही चुकीचे नव्हते.

भरती होण्याची कारणे फारशी वीररसाची नव्हती. शिपायाचा पगार १९११ पासून महिना ११ रुपये होता. खंडाळ्याचा हा पट्टा नीरेच्या काठाजवळ असला तरी पावसाच्या सावलीतला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आणि त्यांच्या जोडीला प्लेग, हे सारे त्या पिढीने लहानपणी पाहिले होते. शेत थोडे आणि खाणारी तोंडे जास्त, अशा घरातला एक मुलगा पलटणीत जाई आणि त्याची मनीऑर्डर येई. आपल्याकडे शिपाईगिरीची परंपराही होती. निजामशाही, आदिलशाही आणि मराठेशाही, तिन्ही दरबारांची चाकरी केलेल्या घराण्यांत तलवार जाऊन बंदूक आली, एवढाच फरक.

मुसलमान रंगरूटाला कुराणावर हात ठेवून शपथ दिली जाई, मराठ्याला त्याच्या रीतीने. लंगर वेगवेगळे. पण कवायत एक, बंदूक एक, आणि फौजेची बोली हिंदुस्थानी. इथे मात्र आपल्या पोरांना थोडा फायदा होता. घरची दखनी बोली बोलणाऱ्या पोराला फौजेची हिंदुस्थानी फार शिकावी लागत नसे. माण-खटावकडच्या गडी मराठ्याला 'का, की, के' सांभाळताना घाम फुटत असणार. आणि आपल्या पोरांची हिंदुस्थानी ऐकून उत्तरेकडचे शिपाई हसत असणार, हेही आम्ही गृहीत धरतो. अजूनही हसतात.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले. पुण्याची सहावी डिव्हिजन तयारीला लागली. तिच्या तीन ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती. सोळाव्या म्हणजे पुण्याच्या ब्रिगेडीत ११७वी, सतराव्या म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या ब्रिगेडीत १०३वी, आणि अठराव्या ब्रिगेडीत ११०वी. रजेवरच्या आणि राखीव शिपायांना हुकूम सुटले. या भागातल्या माणसाने लोणंद स्टेशन गाठायचे, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज गाडी धरायची आणि पुण्याला उतरायचे. खंडाळा-शिरवळच्या माणसाला वाटल्यास सडकेने चालतही पुणे गाठता येई.

ब्रिगेडियर जनरल डेलमेन यांची सोळावी ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली. कुठे जायचे, हे शिपायांना सांगितलेले नव्हते. त्याच ताफ्यातल्या इतर बोटी पश्चिमेकडे, युरोपच्या युद्धावर चालल्या होत्या. वाटेत या ब्रिगेडीच्या बोटी वेगळ्या झाल्या आणि २३ ऑक्टोबरला बहरीनपाशी येऊन नांगरून पडल्या. तुर्कस्तानशी अजून युद्ध जाहीर नव्हते, त्यामुळे माणसे उकाड्यात बोटीवरच राहिली. हिजरी तारखांचा हिशेब केला तर १३३२ सालची बकरी ईद याच दिवसांत, ऑक्टोबरच्या अखेरीस पडते. ज्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता अशा आपल्या शिपायांची ती ईद अरबस्तानच्या किनाऱ्यासमोर झाली. हज चालू होता. एका बाजूला मक्का, दुसऱ्या बाजूला कर्बला आणि बगदाद, आणि मध्ये आगबोटीवर सरकारी बंदूक घेऊन बसलेला साताऱ्याचा मुसलमान. काय वाटले असेल त्याला?

सरकारलाही हा प्रश्न पडला होता. २ नोव्हेंबरला व्हाइसरॉयच्या सरकारने जाहीर केले की अरबस्तानातल्या आणि इराकमधल्या पवित्र स्थळांना आपल्या फौजांकडून धक्का लागणार नाही. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानशी युद्ध पुकारले. ६ तारखेला ब्रिगेडीची माणसे शत-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे उतरली. १४ नोव्हेंबरला इस्तंबूलमध्ये शेख-उल-इस्लामचा जिहादचा फतवा वाचला गेला. खलिफाविरुद्ध लढणे मुसलमानाला हराम, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास सैहान आणि साहिलच्या चकमकी चालू होत्या, आणि ११७वी मराठा पलटण तिथे होती. २२-२३ नोव्हेंबरला बसरा हाती आले. १३३३ चा मोहरम १९ नोव्हेंबरच्या सुमारास लागला होता, म्हणजे आशुरा बसऱ्यातच आला. आमच्या मुलखात मोहरम हा एकट्या मुसलमानांचा नाही. पंजे आणि ताबूत उचलायला मराठे, धनगर, सारे असतात. कडेगावचे गगनचुंबी ताबूत सगळ्यांना ठाऊक आहेत; कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. पलटणीतल्या मराठ्यालाही कर्बला हा शब्द नवा नव्हता, हे आपण विसरू नये.

इथवर आलेल्या फौजेला पुढच्या लढाईसाठी पुन्हा तयार व्हावे लागले, आणि ती तयारी ऐकून साताऱ्याच्या माणसाला गंमत वाटेल. १९१५ च्या वसंतात तैग्रिसला पूर आला आणि कुर्नाच्या वरचा सारा मुलूख पाण्याखाली गेला. शत्रू बेटांसारख्या टेकाडांवर होता. जनरल टाउनशेंड यांनी सतराव्या ब्रिगेडीच्या पलटणींना 'बेलम' नावाच्या लांब, अरुंद अरबी होड्यांत बसवले. १०३ व्या मराठा पलटणीलाही त्या वाटून दिल्या. बांबूने होडी रेटायची, लव्हाळ्यातून वाट काढायची, तोल सावरून गोळी झाडायची, याची कवायत सुरू झाली. काही होड्यांना पुढे लोखंडी पत्रे लावले होते. लव्हाळ्यात ते पत्रे अडकत. कोकणी मराठ्यांना पाण्याची सवय असेल. पण ज्यांनी आयुष्यात नीरेखेरीज पाणी पाहिले नाही, तेही ३१ मे १९१५ रोजी त्या होड्यांतून चढाईला गेले. इंग्रजांनी या लढाईला होड्यांच्या शर्यतीचे चेष्टेचे नाव दिले. ३ जूनला अमारा शहर पडले.

चेष्टा तिथेच संपली. सप्टेंबरच्या अखेरीस कूत घेतले, आणि तिथून फौज बगदादच्या रोखाने निघाली. बगदादच्या अलीकडे जिथे २२ नोव्हेंबर १९१५ रोजी मोठी लढाई झाली, त्या जागेला इंग्रज टेसिफॉन म्हणतात. तुर्क त्या लढाईला सलमान पाक म्हणतात, कारण पैगंबरसाहेबांचे सहाबी हजरत सलमान फारसी यांची मजार तिथे आहे. त्या मजारीच्या परिसरात लढण्यावरून २०व्या पंजाबी पलटणीतल्या पठाणांत चलबिचल झाली. काही पळून गेले आणि ती पलटण लढाईआधी मागे धाडली गेली. फेब्रुवारी १९१६ मध्ये बसऱ्यात १५व्या लान्सर्सच्या चारशेंहून अधिक स्वारांनी पवित्र भूमीत लढायला साफ नकार दिला. त्यांना काळ्या पाण्याच्या शिक्षा झाल्या. त्याआधी रंगून आणि सिंगापूरला जे घडले ते प्रसिद्ध आहे. अशा नकारांच्या ज्ञात प्रसंगांत दख्खनी मुसलमान कंपन्यांचे नाव येत नाही. त्या सलमान पाकला लढल्या आणि मागे हटल्या तेव्हाही पलटणीबरोबर राहिल्या.

या गोष्टीचे काय करायचे, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. कुणी याचा वफादारीचा दाखला करील. पाहा, खलिफाच्या फतव्यापुढेही आमचे लोक डगमगले नाहीत, असे म्हणत तो कागद आजच्या शंकेखोरांपुढे नाचवील. पण वफादारी कुणाशी? त्या पलटणी इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढत होत्या. त्यात देशाचे काही नव्हते. दुसरा कुणी याची लाज बाळगील. आमच्या मते दोघेही त्या शिपायाकडे बघत नाहीत. त्याच्या शेजारच्या खंदकात त्याच्याच गावचा मराठा होता. दोघांचे अकरा रुपये घरी पोहोचत होते. नकाराची किंमत अंदमान होती. आणि परक्या मुलखात पलटण हेच गाव झालेले असते. तो राहिला यात श्रद्धा कमी होती असे मानायला काही आधार नाही, आणि साहेबावर प्रेम जास्त होते असे मानायलाही नाही.

कूतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी पडला आणि जवळजवळ पाच महिने चालला. तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी किल्ल्यावर निकराचा हल्ला केला, तेव्हा १०३वी तिथे होती. नदीपलीकडची लोकरीच्या कारखान्याची वस्ती ११०व्या आणि १२०व्या पलटणीने शेवटपर्यंत धरून ठेवली. तारांच्या कुंपणापर्यंत तुर्कांची हिंदुस्थानी भाषांतली पत्रके येत होती: साहेबांना सोडा, आमच्याकडे या. मग धान्य संपत आले आणि घोडे, खेचरे कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्ले. हिंदी शिपायांनी नाकारले, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही. कोकणातले आपले शाफई भाऊ घोड्याचे मांस जायज मानतात. घाटावरचे आपण हनफी, इमाम अबू हनीफांच्या मते ते मकरूह. बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातल्या मौलवींच्या आणि पंडितांच्या परवानग्या मागवल्या, त्या आल्याही. तरी कित्येक दिवस माणसे ऐकेनात. अडचण मसल्याची जितकी, तितकीच गावाची होती. परत गेल्यावर घोडा खाल्ला म्हणून सोयरीक कोण करील? हे ज्यांना हास्यास्पद वाटते त्यांनी आपल्या गावात चार दिवस राहून पाहावे. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, पीठ मुठीवर आले, तेव्हा एप्रिलमध्ये बहुतेकांनी हात लावला.

२९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शरणागती पत्करली. नोकरचाकर धरून सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. तुर्कांनी हिंदू आणि मुसलमान कैद्यांना वेगळे केले. गावाकडे जे कुणाला जमले नव्हते ते तिथे झाले. मुसलमान अंमलदारांना बरी वागणूक मिळाली, पण साध्या शिपायाला धर्माचा फारसा आधार झाला नाही. रास-अल-ऐनच्या छावणीत बगदाद रेल्वेच्या कामावर हिंदी कैदी खपत होते. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले, त्यांत कलमा पढणारे होते आणि रामराम म्हणणारेही.

११७व्या पलटणीला १९२१ साली 'रॉयल' हा किताब मिळाला. वाचलेले घरी आले तेव्हा मुलूख बदलला होता. १९१९ पासून खिलाफतीची चळवळ गावोगाव पोहोचली होती. मशिदीत खलिफासाठी वर्गणी जमत असताना, आपण त्याच खलिफाच्या फौजेवर गोळ्या झाडून आलो, हे जमातीपुढे कोण सांगणार? मराठा शेजारी पार पिंपळाखाली बसून बसऱ्याच्या गोष्टी रंगवू शकत होता. आपला माणूस गप्प राहिला. १९२४ मध्ये तुर्कांनी स्वतःच खिलाफत मोडली, तोवर गप्प राहण्याची सवय झाली होती. त्यामुळे आपल्या घरांत मोहीम उरली नाही, दादींच्या तोंडची एक म्हण उरली.

बसऱ्याला मृतांचे स्मारक १९२९ साली उघडले. चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी ते आहे. गोऱ्या शिपायांची नावे दगडात कोरली, हिंदी अंमलदारांचीही. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार आकडा घातला, गावातल्या पाटीसारखाच. युद्धकबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ साली या भेदभावाची जाहीर कबुली दिली. सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ मध्ये ते स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले.

आयोगाच्या नोंदवह्यांत मात्र नावे आहेत. बहुतेक ठिकाणी बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हाही. आता त्या घरबसल्या पाहता येतात. आम्ही 'सातारा' घालून पाहत असतो. गावांची नावे साहेबाच्या कानाने लिहिलेली, ती ओळखायला वेळ जातो. शेख आणि सय्यद लगेच कळतात. पण बाबा, दादा, बापू अशी नावे आपल्यातही ठेवतात आणि त्यांच्यातही. पाटील आणि देशमुखही दोन्हीकडे. अशी नावे आम्ही वेगळ्या कागदावर उतरवून ठेवली आहेत. ज्यांच्या घरात जुनी पदके, पेन्शनीचे कागद असतील त्यांनी ती मोडीत घालण्याआधी पदकाच्या कडेवरचा नंबर आणि पलटणीचे नाव तेवढे लिहून घ्यावे.