चेहऱ्यावरचे काळे डाग : वांग म्हणजे काय, क्रीम कोणती लावावी आणि कोणती आजच फेकून द्यावी

आपल्याकडे चेहऱ्यावरच्या कुठल्याही काळ्या डागाला एकच नाव आहे, वांग. दख्खनी बोलणाऱ्या घरांत त्यालाच झाइयां म्हणतात. नाव एक असल्यामुळे औषधही एकच असेल असं लोकांना वाटतं, आणि मग शेजारणीला ज्या क्रीमने फरक पडला तीच क्रीम घरात येते. खरं पाहता काळा डाग हा एक आजार नाही. दहा वेगळ्या कारणांनी कातडी काळी पडते आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

शहागंजात ईदच्या आधीच्या दिवसांत चमनच्या भोवती पाय ठेवायला जागा नसते. कपडे, बांगड्या, अत्तर, शेवया आणि त्याच गर्दीत गोऱ्या होण्याच्या क्रीमच्या छोट्या डब्या. लग्नसराईतही तेच. या डब्यांबद्दल आम्हाला पुढे सविस्तर लिहायचं आहे, कारण यातल्या काही डब्यांनी नुसता चेहरा नाही तर किडनी बिघडलेली आहे, आणि हे आपल्याच महाराष्ट्रात घडलेलं आहे. पण आधी डाग समजून घेऊ.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंग बनवतात यात. ऊन लागलं, कातडीला जखम किंवा जळजळ झाली, शरीरातले हार्मोन्स बदलले की या पेशी जास्त काम करतात आणि तिथे डाग उठतो. सावळ्या कातडीत हे जास्त होतं, आणि डाग राहतातही जास्त दिवस. मेलॅनिन हे उन्हापासूनचं संरक्षण आहे, म्हणून रंग पूर्ण घालवणं हा इलाजाचा हेतू नसतोच. डाग आजूबाजूच्या रंगाला मिळवून आणायचा, एवढंच.

खरा वांग दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर आणि वरच्या ओठावर सारखा पसरतो. डाव्या गालावर आहे तसाच उजव्यावर. बायकांमध्ये जास्त दिसतो, गरोदरपणात उठतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतो, आणि एकाच घरात आई-मुलगी दोघींना असतो. पुरुषांनाही होतो. दिवसभर उन्हात हातगाडी लावणाऱ्यांना, रिक्षा चालवणाऱ्यांना तर होतोच. गरोदरपणातला वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचा आपोआप फिका पडतो, म्हणून त्या काळात घाई करू नये.

बुरखा-नकाब वापरणाऱ्या भगिनींना वांग येत नाही असा एक समज आहे. येतो. डोळ्यांभोवतीचा आणि कपाळाचा भाग उघडा असतो, हार्मोन्सचा संबंध कापडाशी नसतो, आणि आता हेही कळलेलं आहे की अतिनील किरणांशिवाय साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा सावळ्या कातडीत रंग वाढवतो. नकाबाची पट्टी नाकाच्या हाडावर रोज घासत असेल तर तिथेही काळेपणा येतो. पट्टी सैल करा, कापड मऊ सुती घ्या. क्रीमची गरज पडणार नाही.

मुरूम फोडल्यानंतर राहणारा डाग वेगळा. तो ठिपक्या-ठिपक्यांचा असतो, जिथे मुरूम होता तिथेच. हा डाग घालवण्याआधी मुरूम थांबवावे लागतात, नाहीतर एक पुसायचा आणि दोन नवे यायचे.

मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड, काळी कातडी दिसली तर घासू नका. आपल्याकडे मुलांना 'अंघोळ नीट करत नाही' म्हणून रागावतात, दगडाने, जाळीने मान घासतात. तो मळ नसतो. बहुतेक वेळा ती वाढलेल्या वजनाची आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. म्हणजे पुढे मधुमेह होण्याची आगाऊ सूचना. अशा मुलाची, तरुणाची साखर तपासून घ्या. वजन कमी झालं की मान हळूहळू स्वतःच उजळते.

काहींना ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर एक गोल जांभळट-काळा डाग उठतो, बरा होतो आणि काही महिन्यांनी अगदी त्याच जागी पुन्हा उठतो. हा औषधाचा डाग. दुखण्याच्या गोळ्या, जुलाबावरच्या गोळ्या, सल्फाची औषधं यांनी तो येतो. प्रत्येक वेळी डाग उठण्याआधी कोणती गोळी घेतली होती ते आठवा, तिचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला दाखवा. चिकुनगुन्या होऊन गेल्यावर नाकाच्या शेंड्यावर येणारा काळेपणा मराठवाड्यात अनेकांनी पाहिलेला आहे. तो बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतो.

अत्तर आणि केसांचा रंग, हे दोन्ही आपल्या घरातले विषय आहेत. काही सुगंधी तेलं कातडीवर लावून उन्हात गेलं की तिथे प्रतिक्रिया होते आणि मानेवर, कानामागे ओघळल्यासारखे काळे पट्टे उठतात. अत्तर कपड्याला लावलं तर हा प्रश्नच येत नाही. केसांच्या काळ्या रंगात आणि झटपट 'काळी मेहंदी'त पीपीडी नावाचं रसायन असतं. खरी मेंदी नारिंगी-लाल रंगते, काळी कधीच नाही. ज्यांना पीपीडी सोसत नाही त्यांच्या कपाळाच्या कडेला, कानाभोवती आणि गालावर करडा-काळा रंग चढतो आणि तो अनेक महिने जात नाही. दाढी रंगवणाऱ्या पुरुषांनीही हे लक्षात घ्यावं. नवीन रंग लावण्याआधी कानामागे थोडासा लावून ४८ तास थांबा.

माथ्यावरच्या नमाजच्या खुणेबद्दल वाचक विचारतात. गुडघे, घोटे आणि कपाळ यांच्यावर रोज दाब आणि घर्षण झालं की कातडी स्वतःला वाचवण्यासाठी जाड आणि गडद होते. त्वचारोगाच्या पुस्तकांत तिची नोंद आहे, पण तो आजार नाही आणि त्यावर इलाजाची गरजही नसते. खाज, भेगा किंवा रक्त येत असेल तर मऊ जानमाज वापरा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र घोट्यावरचा गट्टा आठवड्यातून एकदा नीट पाहावा. पायाला संवेदना कमी असेल तर तिथली जखम कळत नाही.

आता त्या डब्यांकडे येऊ. गोरं करणाऱ्या बेकायदा क्रीममध्ये दोन गोष्टी लपवलेल्या असतात : स्टिरॉइड किंवा पारा. कधी दोन्ही.

स्टिरॉइडची क्रीम पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खरंच उजळवते. म्हणूनच ती एका बहिणीकडून दुसरीकडे पोचते. मग चेहरा लाल व्हायला लागतो, उन्हात चटका बसतो, बारीक मुरूम येतात, गालावर केस वाढतात, कातडी इतकी पातळ होते की आतल्या रक्तवाहिन्या दिसतात. क्रीम बंद केली की आग होते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध वेगळा कृतिगट केलेला आहे. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये चेहऱ्याला लावण्याची बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. तरी मेडिकलवर 'गोरं व्हायची ट्यूब द्या' म्हटलं की ती मिळते, हे आपण सगळेच जाणतो. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ती स्टिरॉइड आहे. महिनोन्‌महिने लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरकडे जाऊन उतरवा.

पाऱ्याचं प्रकरण याहून वाईट. रंग बनवणारं जे एन्झाइम असतं त्याला पारा अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. अकोल्यात २०२२ मध्ये एकाच घरातल्या तिघींना, एक तरुणी, तिची आई आणि बहीण, किडनीचा आजार झाला. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली तेव्हा तिच्यात पारा निघाला. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले एका विशिष्ट किडनीविकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यातल्या १५ जणांत एकाच प्रकारचा बिघाड सापडला आणि या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. क्रीम सोडल्यावर बहुतेकांना आराम पडला. मलप्पुरम आणि शहागंज यांत अंतर असलं तरी बाजार सारखाच आहे : आखातातून येणाऱ्या बॅगा, परदेशी डब्या, 'इंपोर्टेड आहे, चांगलीच असणार' हा विश्वास.

भारतात कॉस्मेटिक्स नियम २०२० प्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत मिसळलेला असेल तर दहा लाखांत एक भाग, यापुढे चालत नाही. पण डबी तपासायला प्रयोगशाळा कुणाच्या घरात नसते. म्हणून काही खुणा सांगतो. डबीवर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटकांची यादी नाही. 'सात दिवसांत गोरेपणा' असं लिहिलेलं आहे. आणि सगळ्यात मोठी खूण, 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना. पारा सोन्यात मिसळतो, म्हणून ती सूचना असते. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरिक किंवा कॅलोमेल हे शब्द दिसले तर विचारायलाच नको. ब्यूटी पार्लरमध्ये बिननावाच्या डबीतून काढून दिलेली क्रीम तर लावूच नये. तिच्यात काय आहे ते देणारीलाही माहीत नसतं.

अशी क्रीम लावत असाल तर आजच बंद करा. तोंडावर किंवा पायावर सूज, लघवीला फेस येत असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या; ही साधी, स्वस्त तपासणी आहे. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातून पारा घरातल्या लहान मुलांपर्यंत जातो, म्हणून तेही वेगळे काढा. डबी नळावर धुऊ नका, पिशवीत बंद करा आणि डॉक्टरला दाखवायला घेऊन जा.

आता खरा इलाज. पहिली पायरी उन्हापासून बचाव. तो नसेल तर बाकी सगळा पैसा पाण्यात. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर भरेल एवढं. थेंबभर लावून काही होत नाही. वांग असणाऱ्यांनी रंगीत सनस्क्रीन घ्यावं, कारण त्यातलं लोहाचं ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं. वजूने सनस्क्रीन निघून जातं, तेव्हा जोहरच्या वजूनंतर पुन्हा लावलं की दुपारचं कडक ऊन झाकलं जातं. छत्री आणि स्कार्फ हे फुकटचे इलाज आहेत.

त्यावर डॉक्टर अॅझेलेइक अॅसिड, कोजिक अॅसिड, नियासिनामाइड, व्हिटॅमिन सी यांपैकी काही देतात. अॅझेलेइक अॅसिड गरोदरपणातही चालतं असं मानलं जातं. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन ही जास्त जोरदार औषधं आहेत, फक्त चिठ्ठीवर आणि ठरलेल्या आठवड्यांपुरती. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ती लावू नयेत. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळा डाग बसतो, जो मग निघत नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टिरॉइड या तिघांचं मिश्रण १९७५ पासून वापरात आहे आणि गुणकारी आहे, पण ते काही आठवड्यांचं औषध आहे, रोजची पावडर-क्रीम नाही. ट्रानेक्झामिक अॅसिडच्या गोळ्याही देतात. त्या मुळात रक्तस्राव थांबवण्याच्या गोळ्या आहेत. ज्यांच्या पायात, फुप्फुसात कधी गाठ झाली असेल किंवा ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांनी हे डॉक्टरला आधी सांगावं. लेझरची जाहिरात पाहून धावू नका; सावळ्या कातडीवर चुकीचं लेझर नवा डाग देतं.

फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. त्याआधी क्रीम बदलू नये. वांग परत येतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं. मधुमेहासारखं त्याला सांभाळावं लागतं.

घरगुती उपायांत हळद-बेसन, मुलतानी माती यांनी सहसा नुकसान होत नाही, वांगही जात नाही. लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि आधीपेक्षा काळी पडते. टूथपेस्ट आणि खायचा सोडाही नको.

काही डाग दाखवायला उशीर करू नये. फिकट किंवा तांबूस चट्टा, ज्यावर स्पर्श किंवा गरम-थंड कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि वेळेत घेतलं तर तो पूर्ण बरा होतो. तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नवा काळा डाग उठून वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रक्त येत असेल तर लगेच जा. हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि सगळं अंगच काळवंडत असेल, सोबत अशक्तपणा असेल, तर रक्ताच्या तपासण्या लागतात.

छत्रपती संभाजीनगरात यासाठी महागड्या क्लिनिकची गरज नाही. शहागंजहून रिक्षाने थोड्याच मिनिटांवर घाटी आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आणि तिथे त्वचारोगाचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. जाताना चेहऱ्याला काही लावू नका, आणि आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या, गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, लाज न बाळगता. बिननावाची किंवा पाऱ्याचा संशय असलेली क्रीम विकली जात असेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची असते. डबी आणि बिल जपून ठेवलं तर ती तक्रार टिकते.