घरच्या डायलिसिसला पात्र कोण?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला पोटातून होणारे डायलिसिस घरच्या घरी करता येते. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्रावण आत सोडायचे, काही तासांनी ते काढून नवे भरायचे, असे दिवसातून बहुधा चार वेळा. हा पर्याय कोणाला सुचवावा, याबद्दल आपल्याकडे एक मत रूढ आहे: रुग्ण शिकलेला हवा, घर पक्के हवे, स्वतंत्र खोली हवी. एरवी पोटात संसर्ग होणारच. त्यापेक्षा त्याने आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयातल्या यंत्रावर यावे.

या मतामागची काळजी खरी आहे. पोटाच्या पडद्याला संसर्ग झाला तर जीव जाऊ शकतो; वारंवार झाला तर पडदा डायलिसिसच्या कामाचा राहत नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

जंतू शिरण्याची मोठी वाट म्हणजे पिशवी जोडण्याची वेळ. नळीच्या उघड्या टोकाला बोट लागते आणि त्वचेवरचे जंतू आत जातात. तेवढ्या वेळापुरते धुऊन कोरडे केलेले हात, तोंडावर मास्क, बंद पंखा आणि चुकवायचा नाही असा क्रम लागतो. पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी १९७६ मध्ये ऑस्टिनला ही पद्धत मांडली, त्यानंतरच्या वर्षांत संसर्ग फार होत. पुढे वाय-आकाराची नळी आली. तिच्यात आधी नळी धुतली जाते आणि मगच नवे द्रावण पोटात जाते. संसर्ग घटला तो यामुळे; रुग्णांच्या पदव्या वाढल्या म्हणून नव्हे.

कमी शिकलेल्यांत संसर्ग जास्त आढळतो, असे कोणी म्हणेल. काही अभ्यासांत तसे दिसलेही आहे. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात छापील पुस्तिका दिली, तर तो मागे पडणारच. बदलायची ती शिकवण्याची रीत. परिचारिकेने करून दाखवावे, रुग्णाने तिच्यासमोर पुन्हापुन्हा करावे, टोकाला हात लागला तर चिमटा बंद करून फोन करायचा हे अंगवळणी पडावे. बाहेर आलेले पाणी गढूळ आहे का, हे पाहायला पिशवीखाली छापील कागद ठेवतात. अक्षरे स्पष्ट दिसतात की नाही एवढेच पाहायचे असते. ती वाचता यावी लागत नाहीत. संसर्ग झाला किंवा रुग्ण बराच काळ रुग्णालयात राहिला, तर प्रशिक्षण पुन्हा द्यायचे.

आधीच ठरवलेली पात्रता किती फसवी असते, हे सिएटलमध्ये दिसले होते. तिथे यंत्रे थोडी होती आणि कोणाला डायलिसिस द्यायचे हे एक समिती ठरवत असे. समितीने नाकारलेल्या एका शाळकरी मुलीसाठी अल्बर्ट बॅब या अभियंत्याने सहकाऱ्यांसह घरी चालेल असे यंत्र बनवले. १९६४ मध्ये तिचे डायलिसिस घरी सुरू झाले. थायलंडने २००८ पासून सार्वत्रिक आरोग्य योजनेत पोटाच्या डायलिसिसला अग्रक्रम दिला. त्या योजनेत मुख्यतः शेतकरी आणि असंघटित कामगार होते. २०२२ मध्ये रुग्णांना यंत्राचीही मुभा मिळाली, ती योग्यच. पण गरीब घरात हे जमत नाही, हा समज तोवर मोडला होता.

मग निवड कशावर करावी? पोटात जुन्या शस्त्रक्रियांचे चिकटलेपण किंवा दुरुस्त न केलेला हर्निया आहे का, हे डॉक्टरांनी पाहावे. रुग्णाची इच्छा विचारावी. त्याची नजर किंवा हात साथ देत नसतील तर घरातले कोण शिकेल, हे ठरवावे. परिचारिकेने घरी जाऊन दार लावता येईल असा एक स्वच्छ कोपरा आणि महिन्याच्या सुमारे दोनशे चाळीस लिटर द्रावणासाठी कोरडी जागा शोधावी. पिशव्यांचा खर्च आणि पुरवठा या खऱ्या अडचणी आहेत, पण त्या व्यवस्थेने सोडवायच्या आहेत. केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना आहेत. त्या गावापर्यंत पोचवायला प्रशिक्षक परिचारिका नेमाव्या लागतील. आधी शिकवावे, हात पाहावेत आणि मगच कोणाला अपात्र म्हणावे.