शिन मेगामी टेन्सेई

शिन मेगामी टेन्सेई : अ‍ॅटलस या जपानी कंपनीची रोल-प्लेइंग प्रकारातील व्हिडिओ गेममालिका. या नावाचा पहिला खेळ ३० ऑक्टोबर १९९२ रोजी निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रावर आला. मालिकेची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. तिच्यातले जग बहुधा खेळ रंगात येण्याआधीच बुडते, आणि उरलेल्या जगात तगून राहणे फार कठीण असते. ‘पर्सोना’ (१९९६) ही हिचीच शाखा पुढे मूळ मालिकेपेक्षा कितीतरी लोकप्रिय झाली. त्यामुळे ‘पर्सोना ५’ (२०१६) संपवून मागे वळून पाहणाऱ्या खेळाडूला हमखास प्रश्न पडतो, की ही काळोखी आणि निष्ठुर मूळ मालिका खेळण्याच्या लायकीची आहे का. आहे, मात्र पर्सोना ज्या कारणांनी आवडली त्या कारणांसाठी नव्हे.

मालिकेचे मूळ एका कादंबरीत आहे. आया निशितानी यांची ‘डिजिटल डेव्हिल स्टोरी : मेगामी टेन्सेई’ ही कादंबरी १९८६ मध्ये तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेने काढली. नाकाजिमा हा संगणकात तरबेज असलेला शाळकरी मुलगा मंत्रविधीचा प्रोग्रॅम लिहितो आणि लोकीला बोलावून बसतो. युमिको ही त्याची सोबतीण इझानामी या आदिदेवतेचा पुनर्जन्म निघते. ‘मेगामी टेन्सेई’ म्हणजे देवीचा पुनर्जन्म, ते नाव इथून आले. ‘शिन’ म्हणजे खरा. अ‍ॅटलसने कादंबरीवरून बनवलेला आणि नामकोने प्रकाशित केलेला खेळ सप्टेंबर १९८७ मध्ये फॅमिकॉमवर आला. १९९० च्या दुसऱ्या भागात कादंबरी बाजूला पडली आणि अणुयुद्धाने उद्ध्वस्त झालेले टोकियो आले. तेच पुढे मालिकेचे कायमचे कथास्थळ ठरले.

१९९२ च्या खेळाचे दिग्दर्शन कोउजी ओकादा यांचे, चित्रे काझुमा कानेको यांची. ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारख्या खेळांमुळे राजे, किल्ले आणि तलवारी जपानी खेळाडूंच्या अंगवळणी पडल्या होत्या. इथे सुरुवात होते किचिजोजी या टोकियोच्या उपनगरातल्या साध्या घरात. आई आहे, पास्कल नावाचा कुत्रा आहे, आणि नायकाच्या संगणकावर अनोळखी माणसाने ई-मेलने पाठवलेला आकुमांना बोलावण्याचा प्रोग्रॅम आहे. ‘आकुमा’ हा मालिकेचा सरसकट शब्द : देव, दैत्य, देवदूत, भुते, परीकथांतले प्राणी, सगळे त्यात येतात. थोड्याच वेळात आईची जागा तिला खाऊन टाकणाऱ्या आकुमाने घेतलेली असते. गोतो नावाचा लष्करी अधिकारी बंड करून आकुमांशी हातमिळवणी करतो. १९७० मध्ये इचिगायाच्या सैन्यतळावर बंडाचे आवाहन करून आत्महत्या करणारे लेखक युकिओ मिशिमा गोतोला पाहताना आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्याच्यासमोर थॉरमन हा अमेरिकी राजदूत उभा राहतो, जो प्रत्यक्षात थॉर हा देव असतो. क्षेपणास्त्रे सुटतात, टोकियो जळते. नायक वज्रधातू या बौद्ध संकल्पनेवरून नाव दिलेल्या लोकात फेकला जातो आणि परत येतो तेव्हा पृथ्वीवर तीस वर्षे उलटलेली असतात. दरम्यान कुत्र्याचा एका आकुमाशी संयोग झाला असेल तर तो सर्बेरस झालेला असतो.

उद्ध्वस्त शहरात दोन पक्ष उरतात. ‘लॉ’ म्हणजे देवदूतांची शिस्त : शांतता, अन्न, प्रार्थना, आणि न मानणाऱ्याचा नायनाट. ‘केऑस’ म्हणजे मोकळीक : ज्याच्या अंगात बळ त्याचे राज्य. नायकाचे दोन मित्र या दोन बाजूंना जातात आणि नायकाने पक्ष घेतला की समोरच्या मित्राशी लढावे लागते. तिसरी, तटस्थ वाट घेतली तर दोघांशीही लढून शेवटी एकीकडे मायकेल आणि दुसरीकडे असुर यांना संपवावे लागते. तिच्यातही हातांना रक्त लागतेच. मालिकेचा काळोख आहे तो इथे, रक्ताच्या चित्रांत नाही. कोणताही पर्याय स्वच्छ ठेवायचा नाही, हा तिचा जुना हट्ट आहे. त्याची किंमतही तिला मोजावी लागली आहे : बहुतेक भागांतली माणसे म्हणजे विचारसरणीच्या पाट्या गळ्यात घालून फिरणारी पात्रे आहेत. पर्सोनामधल्या मित्रमैत्रिणींचा जिव्हाळा शोधणारा खेळाडू इथे उपाशी राहतो.

मालिकेच्या अवघडपणाबद्दल बोलताना बहुतेकांच्या मनात तिसरा भाग असतो. ‘शिन मेगामी टेन्सेई ३ : नोक्टर्न’ फेब्रुवारी २००३ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला; ‘मॅनिअ‍ॅक्स’ ही वाढवलेली आवृत्ती २००४ मध्ये निघाली आणि जपानबाहेर तीच पोहोचली. युरोपात तिचे नाव ‘लुसिफर्स कॉल’ होते. शिक्षिकेला भेटायला शिंजुकूच्या इस्पितळात आलेला मुलगा गच्चीवरून जग संपताना पाहतो. टोकियो आतून वळून गोलाच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखे होते आणि मध्यभागी सूर्याऐवजी कागुत्सुची नावाचा तेजोगोल लटकतो. मुलाच्या शरीरात किड्यासारखे मागातामा सोडले जाते आणि तो अर्धा आकुमा होतो. नवे जग कोणत्या तत्त्वावर घडवायचे याचे तीन दावेदार त्याला भेटतात. एकाला संपूर्ण स्तब्धता हवी, दुसऱ्याला संपूर्ण एकटेपणा, तिसऱ्याला फक्त बलवानांचे जग. तिघांपैकी दोघे त्याचे वर्गमित्र असतात. शोजी मेगुरो यांचे खरखरीत गिटारचे संगीत आणि ओसाड रस्ते यांमुळे हा खेळ पडद्यावरून बाजूला झाल्यावरही डोक्यात राहतो.

नोक्टर्नने आणलेली ‘प्रेस टर्न’ ही लढाईची पद्धत मालिकेचा कणा आहे. लढणाऱ्या प्रत्येकामागे एक चाल मिळते. शत्रूच्या कमकुवत जागी, म्हणजे आग, बर्फ, वीज किंवा वारा यांपैकी त्याला जे सोसत नाही त्याने, वार केला की अर्धीच चाल खर्च होते. चौघांच्या चार चालींच्या आठ करता येतात. वार चुकला किंवा शत्रूवर त्याचा परिणामच झाला नाही तर दोन चाली जातात. शत्रूने तो उलटवला किंवा गिळला तर सगळ्या जातात. हेच नियम शत्रूलाही लागू असतात. म्हणून इथली लढाई ताकदीपेक्षा माहितीची असते. गिरिमेखल, म्हणजे बौद्ध परंपरेतला माराचा हत्ती, शारीरिक वार उलटवतो. लढाई आपोआप चालू ठेवून चहा करायला उठलेला खेळाडू परत येतो तेव्हा सामना आटोपलेला असतो.

नोक्टर्नच्या ‘मॅनिअ‍ॅक्स’ आवृत्तीतला मॅटाडोर हा गिंझानंतर भेटणारा सांगाड्याचा बैलझुंज्या. मूळच्या जपानी आवृत्तीत तो नव्हता, तरी आज नोक्टर्न म्हटले की आधी त्याचेच नाव निघते. ‘रेड कॅपोट’ या एका चालीने तो आपली चपळाई कमाल मर्यादेवर नेतो. मग आपले वार हुकत राहतात आणि प्रत्येक हुकलेला वार दोन चाली घेऊन जातो. वाऱ्याला कच्चे आकुमा सोबत असतील तर उलट त्यालाच जादा चाली मिळतात. इथे पातळी वाढवत बसून फारसे साधत नाही. वाऱ्याला दाद न देणारे आकुमा जमवावे लागतात आणि ‘सुकुंदा’सारख्या मंत्राने त्याची चपळाई खाली आणावी लागते. इतर अनेक खेळांत असले मंत्र शोभेपुरते असतात. इथे त्यांच्यावाचून पुढचे दार उघडत नाही. हा अवघडपणा ‘डार्क सोल्स’सारखा बोटांच्या चपळाईचा नाही. सावकाश विचार करणाऱ्याला, साठी ओलांडलेल्यालाही, तो झेपतो.

सगळाच अवघडपणा असा न्याय्य नाही, हेही नोंदवायला हवे. नोक्टर्नमध्ये नायक पडला की, बाकीचे तिघे धडधाकट असले तरी, खेळ संपतो. ‘मुदो’ या मृत्युमंत्राचा फासा विरुद्ध पडला तर मागच्या टर्मिनलपासूनची सगळी मेहनत वाया जाते, कारण खेळ जतन करण्याची सोय टर्मिनलवरच असते. वाटेत अचानक उभ्या राहणाऱ्या लढाया तर संपता संपत नाहीत. मालिकेचे चाहते याला खोली म्हणतात. ती खोली नाही, जुन्या काळची बेपर्वाई आहे.

आकुमा जमवण्याची रीत मात्र आजही ताजी आहे. शत्रूशी लढाईच्या मध्येच बोलता येते. तो पैसे मागतो, वस्तू मागतो, आडवेतिडवे प्रश्न विचारतो, कधी सगळे घेऊन हसत निघून जातो. चंद्र किंवा कागुत्सुची पूर्ण भरलेला असताना बहुतेकांशी धड बोलणेच होत नाही. पदरी आलेले आकुमा काही तासांतच मागे पडतात, कारण ते नायकाच्या मानाने फार हळू वाढतात. तेव्हा दोघांचा संयोग करून तिसरा घडवायचा असतो. जुने दोघे कायमचे जातात, त्यांची काही कौशल्ये नव्याकडे उतरतात. नोक्टर्नमध्ये बालीतल्या रांगदा आणि बारोंग या परस्परविरोधी जोडीच्या संयोगातून शिव अवतरतो, ही रचना खेळ बनवणाऱ्यांच्या वाचनाची साक्ष देते. मालिकेत खरोखर अंगवळणी पाडून घ्यावी लागते ती ही सोडून देण्याची सवय. आवडता आकुमा जपून ठेवणारा खेळाडू पुढच्या बॉसपाशी अडतो. आणि तरीही याच खेळाने एक अपवाद लपवला आहे. सुरुवातीलाच सोबत येणारी पिक्सी, किंवा तिच्यापासून संयोगाने घडत गेलेला वंशज, अमला चक्रव्यूहाच्या पाचव्या कल्पापर्यंत जवळ ठेवला, तर तिथे एक दार उघडते आणि पिक्सी प्रचंड सामर्थ्य घेऊन परत मिळते. चक्रव्यूहाच्या मजल्यांना तिथे ‘कल्प’ असेच म्हटले आहे.

भारतीय वाचकाला या मालिकेत ओळखीचे चेहरे पावलोपावली भेटतात. विष्णू, लक्ष्मी, सरस्वती, पार्वती, काली, गणेश हे निरनिराळ्या भागांत आकुमा म्हणून येतात. त्यांना पदरी ठेवता येते, त्यांचा संयोग करता येतो, त्यांच्याशी लढता येते. २०१६ च्या ‘शिन मेगामी टेन्सेई ४ : अपोकॅलिप्स’मध्ये एकेश्वराविरुद्ध उभ्या राहिलेल्या अनेक देवांच्या आघाडीचा म्होरक्या कृष्ण आहे, आणि तो नायकाचा विरोधक आहे. पाचव्या भागात शिव हा सर्वांत कठीण ऐच्छिक शत्रूंपैकी एक. ज्याला आराध्य दैवतावर वार करणे रुचत नाही, त्याने ही मालिका हाती न घेतलेलीच बरी. जपानच्या बाजूने पाहता यात परकेपणा कमी आहे. सरस्वती तिथे बेन्झाइतेन होऊन, लक्ष्मी किचिजोतेन होऊन, इंद्र ताइशाकुतेन होऊन बौद्ध धर्माबरोबर शतकांपूर्वीच पोहोचले होते. ख्रिस्ती देवदूत असोत की जपानचे स्वतःचे देव, मालिका कोणालाच सूट देत नाही. त्यातल्या त्यात मान राखला जातो तो ताइरा नो मासाकादोचा. ९४० मध्ये मारल्या गेलेल्या या बंडखोर सरदाराच्या शिराची समाधी टोकियोच्या ओतेमाची भागात आजही आहे, आणि मालिकेत तो शहराचा रक्षक म्हणून येतो.

‘डिजिटल डेव्हिल सागा’ ही २००४ आणि २००५ मधली दोन भागांची उपमालिका तर भारतीय शब्दांवरच उभी आहे. मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत ही इथल्या प्रदेशांची नावे. टोळ्यांतले योद्धे अग्नी, वायू, पृथिवी, द्यौस यांची रूपे घेतात आणि जगण्यासाठी शत्रूला खातात. शक्ती मिळते ती ‘मंत्र’ विकत घेऊन. योगाच्या वर्गात ऐकलेली चक्रांची नावे नरभक्षणाच्या कथेत भेटल्यावर मराठी खेळाडू आधी हसतो. कथा मात्र मुख्य मालिकेपेक्षा घट्ट विणलेली आहे, आणि पात्रांत जीव आहे.

पुढच्या भागांनी धार बोथट केली. २०१३ चा चौथा भाग सुरुवातीलाच मिनोटॉर आणि मेडुसा यांच्याकडून झोडपतो, मग अर्ध्यावर आल्यावर उगाच सोपा होतो. त्यात मेलेल्या नायकाला केरॉन नावाड्याला लाच देऊन परत येता येते, ही मालिकेतली सर्वांत विनोदी सोय. पाचवा भाग नोव्हेंबर २०२१ मध्ये स्विचवर आला. त्यातली विस्तीर्ण वाळवंटे हिंडायला सुंदर आहेत, कथा मात्र विरळ आहे. जून २०२४ मधल्या ‘व्हेन्जन्स’ आवृत्तीने योको हिरोमिने या पात्राभोवती दुसरी, अधिक भरीव कथा जोडली आणि खेळ हवा तिथे जतन करण्याची सोय दिली.

नवख्याने व्हेन्जन्सपासून सुरुवात करावी. ही आवृत्ती संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही असल्याने स्विच असलाच पाहिजे असे नाही. भाग एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने आधीचे काही खेळलेले नसले तरी अडत नाही. मराठी अनुवाद नाही, इंग्रजीत वाचावे लागते, आणि वाचायला बरेच असते. लढाईची पद्धत पसंत पडली तर नोक्टर्नची २०२१ मध्ये जगभर आलेली एचडी आवृत्ती घ्यावी. मूळ खेळात संयोगानंतर कोणती कौशल्ये उतरणार हे नशिबावर असे आणि खेळाडू मनासारखी जुळणी येईपर्यंत संयोग रद्द करत बसत. या आवृत्तीत ती स्वतः निवडता येतात. फुकट उतरवून घेता येणारी ‘मर्सिफुल’ ही सौम्य पातळीही आहे. मॅटाडोर मात्र मर्सिफुलवर न भेटलेलाच बरा, तो तिथे फार लवकर मरतो. चौथा भाग निन्टेन्डो ३डीएसवर अडकून पडला आहे. त्या यंत्राचे डिजिटल दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाल्याने आता त्याची जुनी कार्ट्रिज शोधावी लागते.