पायताणांचे मोल

जुन्या हुबळीतील सिद्धारूढ मठाच्या दारी आपण चपला उतरवितो. परंतु त्या कोणी शिवल्या, हा विचार क्वचितच मनात येतो. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलानच्या वेषप्रदर्शनात कोल्हापुरी घाटाची पायताणे मिरविली. मूळ मात्र सांगितले नाही. ओरड झाली तेव्हा ते मान्य केले. डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी २,००० जोडांचा करार झाला. किंमत जोडीस सुमारे ८०० युरो. मोजकेच जोड, म्हणून दुर्मिळ!

‘कोल्हापुरी’ या नावास २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि आपला धारवाडही आहे. परंतु हा कायदा मुख्यतः नावाचे रक्षण करतो, घाटाचे नव्हे. शिवाय दाद मागणे हे नोंदणीकृत मालकाचे काम, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये या प्रकरणातील जनहित याचिका फेटाळली.

मग कारागिराचे मोल कोणी करावे? बाराव्या शतकात कल्याणच्या हरळय्याने स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पायताणे बसवण्णांना अर्पिली, आणि त्यांनी ती पायी न घालता मस्तकी धरली, अशी आख्यायिका आहे. तो जोड अमोल ठरला, तो संख्येने एकच होता म्हणून नव्हे; करणारा ओळखला गेला म्हणून. आपल्या कित्येक देवळांनी मात्र त्याच कारागिरांना शतकानुशतके चपलांबरोबर दाराबाहेर ठेविले. प्राडास जाब विचारताना हेही स्मरलेले बरे.